सातव्या आठवड्याचा प्रश्न

मुळात गणिताचा आणि माझा छत्तीसचा आकडा. शाळेत अपूर्णांक आले की मला खरंच ताप यायचा, आईशपथ. आणि नशीब बघा, नोकरी लागली ती अशा संस्थेत, जिथे तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एकोणीस वर्षं शेवटच्या बाकावर बसून मला तोच तो गणिताचा वर्ग ऐकावा लागला. कारण काय, तर खोलीची किल्ली माझ्याकडे, हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे, आणि प्रोजेक्टर बंद पडला की त्याला नेमकी कुठे थापड मारायची हेही फक्त मलाच ठाऊक.

शिकवायचे ते मास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणत, संचालकसुद्धा. संचालक म्हणाले की त्यात जरा कमीपणा असायचा, आम्ही म्हणालो की नसायचा. मास्तर उंच, पण खांद्यात वाकलेले. उजव्या बाहीला कायम खडूची भुकटी. लिफ्ट वर्षातून सात-आठ महिने बंद, त्यामुळे तीन जिने चढून यायचे. दुसऱ्या मजल्यावर दम लागला की तिथल्या सूचनाफलकासमोर उभे राहून वाचल्यासारखं करायचे. त्या फलकावर आग लागली तर काय करावं याचा एकच कागद होता, तोही सहा वर्षांपूर्वीचा. तो कागद मास्तरांना तोंडपाठ झाला असणार.

वर्गात पोरंटोरं नव्हती. चांगली केस पिकलेली, नावाजलेली माणसं असायची. कुणी मुंग्यांवर आयुष्य काढलेलं, कुणी शहरातल्या वाहतुकीवर, कुणी साथीच्या रोगांवर. त्यांच्या अभ्यासाला एक भारदस्त नाव आहे: गुंतागुंतीच्या व्यवस्था. मास्तर पहिल्याच तासाला सांगायचे, "पुष्कळ लहान लहान गोष्टी एकमेकींवर परिणाम करत राहतात, आणि सगळ्या मिळून असं काहीतरी घडवून ठेवतात जे त्यांच्यातल्या एकीनेही ठरवलेलं नसतं." मला तर ते माझ्या सासरचंच वर्णन वाटायचं.

ही माणसं आपापल्या विषयात वाघ. पण या असल्या गोष्टींचा अभ्यास गणिताशिवाय पुढे सरकत नाही, आणि फळ्यावर समीकरण आलं की ह्यांचं पार मांजर व्हायचं. म्हणून संस्थेने बारा आठवड्यांचा वर्ग काढला होता आणि मास्तरांना त्याला जुंपलं होतं. वर्षातून दोन तुकड्या. "सर, हा लॉग म्हणजे नक्की काय हो?" हा प्रश्न मी प्रत्येक तुकडीत ऐकला. मास्तर दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचे. मग वर्ग सुटला की माझ्या टेबलाशी येऊन चहाचा कप पुढ्यात ओढायचे आणि डोळे मिटून बसायचे. चहा निवून जायचा.

एकदा मी विचारलं, "मास्तर, तुमचं स्वतःचं संशोधन होतं ना काहीतरी? त्याचं काय झालं?"

"कपाटात आहे," ते म्हणाले. "दर वेळी वाटतं, ही तुकडी संपली की काढू."

त्यांच्याबरोबर शिकलेले लोक कुठल्या कुठे पोचले. ह्यांच्या नावावर काय, तर दुसऱ्यांच्या प्रबंधातलं आभाराचं पान. तिथेही आधी आईवडील, मग मित्रमंडळी, मग कँटीन, आणि सगळ्यात शेवटी मास्तर. मला त्याचा राग यायचा. त्यांना येत नसावा, किंवा रागवायलाही अंगात त्राण लागतं, ते उरलं नसावं.

पण एका गोष्टीत मास्तर कधी ढिले पडायचे नाहीत. सातव्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या धंद्यातलं समीकरण मांडून आणायचं, आणि त्यात खरा आकडा घालायचा. मास्तर समीकरणाकडे जेमतेम बघायचे. आकड्यावर बोट ठेवून विचारायचे, "हा कुठून आणलात? कुठे उभं राहून, किती वाजता, कुणाला विचारून?" भल्याभल्यांची बोबडी वळायची. आमचे मुंगीवाले, म्हणजे मुंग्यांचे मोठे जाणकार, त्यांनी सांगितलं, "दुपारी बारा वाजता वारुळाच्या तोंडाशी बसून मोजल्या." मास्तर म्हणाले, "मग दुपारी बाहेर न पडणाऱ्या मुंग्या तुमच्या लेखी जन्मल्याच नाहीत." मुंगीवाले बिचारे आठवडाभर जेवले नसतील.

हा प्रश्न विचारून झाला की मी रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात त्या माणसाच्या नावापुढे टीक करायची, अशी मास्तरांनीच लावून दिलेली पद्धत. टीक नाही तर प्रमाणपत्र नाही. माझी तेवढीच काय ती गणितातली कामगिरी.

तर सिस्टरची गोष्ट ह्याच टीकच्या खुणेवरून सुरू होते.

सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळातली नर्स. चाळिशीला आलेली, बोलायला कमी, चालायला भराभर. इस्पितळात खाटा का तुंबतात याचा अभ्यास कुणीतरी करायला हवा होता. डॉक्टरांना वेळ नव्हता, म्हणून हिला पाठवलेलं. ड्यूटी संपवून थेट वर्गात यायची. पायांत तेच पांढरे बूट. पहिल्या आठवड्यात ती बसल्या जागी पेंगायची, पण वहीत एक ओळ चुकवायची नाही. चौथ्या आठवड्यात तिने मला जिन्यात सांगितलं, "ताई, शाळेत बाईंनी मला सांगितलं होतं, गणित तुझ्या डोक्यात शिरायचं नाही. आज शिरलं." आणि हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सातव्या आठवड्यात त्या दिवशी अकरा जण होते. मास्तर सकाळपासून उभे. आदल्या रात्रभर वहिनींचे, म्हणजे मास्तरांच्या बायकोचे, गुडघे ठणकत होते, त्यामुळे ह्यांचाही डोळ्याला डोळा नव्हता. सिस्टर शेवटची. साडेपाच वाजून गेले होते, माझीही बस जायची वेळ झाली होती. तिने वही पुढे केली. मास्तरांनी समीकरण पाहिलं, बोट त्यावरून फिरवलं आणि म्हणाले, "छान. बरोबर आहे."

बस. एवढंच.

मी मान वर करून पाहिलं. प्रश्न राहिला होता. मास्तर टेबलाला टेकून खडूचा तुकडा डबीत ठेवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा शीण होता की माझी जीभ उचलेना. खोटं कशाला बोलू, जिभेपेक्षा बस जास्त आठवत होती. मी टीक केली, रजिस्टर मिटलं आणि पळाले.

त्याला पाच महिने झाले. मास्तरांच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. एका शुक्रवारी दुपारी सिस्टर धावतच वर आली. हातात छापलेला अहवाल, वर मार्गदर्शक म्हणून मास्तरांचं नाव.

"सर, मान्य झाला! सोमवारी अकरा वाजता समितीची बैठक आहे. तुम्हाला बोलावलंय. तळमजल्यावरचा दहा खाटांचा वॉर्ड बंद करणार आहेत, माझ्या अहवालावरून. आणि नियोजनाचा नवा विभाग काढतायत, त्याची प्रमुख मला करणार आहेत. नर्सला हे पद आजवर कुणी दिलं नव्हतं, सर."

मला इतका आनंद झाला की मी उठून तिचे दोन्ही हात धरले. मास्तर अहवाल चाळत होते. तिसऱ्या की चौथ्या पानावर थांबले.

"सिस्टर, हा आकडा. दहांपैकी आठ रुग्ण तीन महिन्यांहून जास्त काळ मुक्कामाला आहेत, असं लिहिलंय. हा कुठून आणलात?"

"वॉर्डातूनच. एके दिवशी सकाळी गेले आणि प्रत्येक खाटेपाशी उभं राहून विचारलं, तुम्ही इथे कधीपासून आहात. दहांपैकी आठ जण जुने निघाले. म्हणजे तो वॉर्ड उपचाराचा राहिलेलाच नाही, राहण्याची सोय झालीय. त्या लोकांना शुश्रूषागृहात हलवलं की वॉर्डाची गरजच नाही."

मास्तर उठले. फळ्यावर दहा चौकोन काढले. आठांत फुली मारली. "समजा ह्या आठ खाटांवर वर्षभर तेच आठ जण आहेत. ह्या दोन खाटांवर रोज नवा माणूस येतो आणि दुसऱ्या दिवशी बरा होऊन जातो. वर्षभरात ह्या वॉर्डात किती माणसं आली?"

सिस्टरने मनात हिशोब केला. "दोन गुणिले तीनशे पासष्ट. सातशे तीस. आणि आठ."

"तुम्ही सकाळी गेलात तेव्हा त्या सातशे तीसांतले किती भेटले?"

"दोन," ती म्हणाली. आणि मग खाली बसली.

माझ्यासारख्या ढ बाईलाही कळलं हो. जो खूप दिवस पडून असतो तोच आपण जाऊ तेव्हा सापडतो. जो येऊन चटकन जातो तो मोजायला मिळतच नाही. आणि वॉर्ड बंद केला तर दारातून परत जाणार ती हीच न मोजलेली माणसं. छातीत दुखतंय म्हणून एका रात्रीपुरती येणारी, पोर तापाने फणफणलंय म्हणून येणारी.

"पण हे इस्पितळाला ठाऊक नाही?" मी विचारलं.

"सगळ्या इस्पितळाची दाखल-वही एकच आहे, ताई. एवढी जाडजूड. वॉर्डवार कोण मोजणार? मी तर वरच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डातली. खालचं मला काय दिसतंय?" ती हे माझ्याशी बोलत होती, पण बघत होती मास्तरांकडे. "सर, हा आकडा तेव्हाही माझ्या वहीत होता. हे तुम्ही तेव्हा का नाही विचारलंत? सगळ्यांना विचारलंत. मुंगीवाल्यांना अर्धा तास धारेवर धरलंत. मला का नाही?"

मास्तरांनी सबब सांगितली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "थकलो होतो."

"मीही थकलेच होते, सर," सिस्टर म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी सोळा तास उभी राहून आले होते. घरी गेले आणि तुमच्या त्या 'बरोबर आहे'च्या भरवशावर निर्धास्त झोपले."

अहवाल टेबलावर तसाच टाकून ती निघून गेली. सोमवारी ती काय करणार, काही बोलली नाही. गप्प बसली असती तरी कुणाला कळणार नव्हतं. पद हातात आलेलं, आणि समितीतल्या एकालाही ते दहा चौकोन काढता आले नसते.

मास्तर संचालकांकडे जाऊन आले. दहाच मिनिटांत परत. म्हणाले, "संचालक म्हणतात, इस्पितळाचं इस्पितळ बघेल, तुम्ही कशाला मध्ये पडता. संस्थेचं नाव खराब होईल म्हणतात. पंधरा दिवसांनी तुमचा निरोप समारंभ आहे, नीट हारतुरे घेऊन जा." मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ताई, त्या तुकडीचं रजिस्टर आहे?"

ते कपाटात होतंच. मी पुढे ठेवलं आणि रडूच फुटलं मला. "मास्तर, मला तेव्हाच कळलं होतं. प्रश्न राहिला हे मी पाहिलं होतं. बस चुकेल म्हणून मी टीक करून टाकली."

मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर मला हलकं वाटलं असतं. ते म्हणाले, "तुम्हाला बस पकडायची होती. मला काही पकडायचं नव्हतं. मला फक्त बसायचं होतं." मग चष्मा काढून डोळे चोळले. "सोमवारी मी जाणार आहे."

"एकटे नाही जायचं," मी म्हटलं. "मीही येते. रजिस्टर घेऊन."

सोमवारी इस्पितळातल्या त्या लांब टेबलाच्या खोलीत नऊ माणसं होती. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे. सिस्टर पलीकडच्या टोकाला, गणवेशात, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आमच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मुख्य डॉक्टरांनी प्रास्ताविक संपवायच्या आतच मास्तर उभे राहिले.

"ह्या अहवालातला आकडा ज्या पद्धतीने घेतलाय ती पद्धत चुकीची आहे. ते पाहणं माझं काम होतं. मी पाहिलं नाही. चूक माझी आहे."

खोलीत कुजबुज. मुख्य डॉक्टर वैतागले. "अहो मास्तर, पाच महिन्यांनी सांगताय? पलंग हलवायला माणसं बोलावलीत आम्ही. बरं, चूक म्हणता, मग बरोबर आकडा कोणता?"

"तो माझ्याकडे नाही."

"मग झालं तर!"

"माझ्याकडे आहे," सिस्टर म्हणाली.

ती उभी राहिली. हातात कागदांचा गठ्ठा, हाताने आखलेला, हाताने लिहिलेला. "गेल्या वर्षभरात ह्या वॉर्डात पाचशे सत्त्याऐंशी माणसं दाखल झाली. त्यांतली पाचशे एकसष्ट दोन दिवसांच्या आत घरी गेली. जास्त राहिलेली फक्त सव्वीस. वॉर्ड बंद करू नये. माझा अहवाल मी मागे घेते."

मुख्य डॉक्टरांच्या कपाळावरची आठी अजून सुटलेली नव्हती. त्यांचं मन कुठल्या बाजूला जाईल ते कळत नव्हतं. आणि नेमके त्याच वेळी आमचे मास्तर, बसायचं सोडून, म्हणाले, "हा आकडा कुठून आणलात?"

अरे देवा! मी त्यांची बाही ओढली. एवढं रामायण झालं, आता तरी गप्प बसा की! त्या पोरीने स्वतःच्या हाताने आपलं पद सोडलं, आणि तिलाच सगळ्यांदेखत उलटतपासणी?

पण सिस्टर पहिल्यांदा मास्तरांकडे वळली. वर्गात उभी राहायची तशी, कागद छातीशी धरून. "दाखल-वहीतून. शनिवार सकाळी आठ ते रविवार संध्याकाळी सात. कुणाला विचारून नाही. आलेल्या प्रत्येकाचं नाव एकदा, येण्याची तारीख, जाण्याची तारीख. जे त्या दिवशी खाटेवर नव्हते तेही धरलेत. चौदा नावांपुढे जाण्याची तारीख नव्हती. त्यांपैकी अकरा जणांची घरी फोन करून शोधली. उरलेले तिघे वारले होते."

मास्तर म्हणाले, "आणि ते तिघे कुठे धरले?"

"सव्वीसांत. कारण ते किती दिवस राहिले याची मला खात्री नव्हती."

मास्तर बसले. मुख्य डॉक्टरांनी कागद मागून घेतले, दोन पानं उलटली, आणि पलंग हलवणाऱ्यांना परत पाठवायला सांगितलं. नियोजन विभागाचं काय, ते कुणी बोललंच नाही. पुढेही नाही बोललं. तो विभाग नंतर निघाला, पण प्रमुख बाहेरून आणला.

बैठक संपल्यावर आम्ही तिला बोळात गाठलं. ती भराभर चालली होती, ड्यूटी सुरू झाली होती. मास्तर मागून म्हणाले, "सिस्टर, मला माफ करा."

ती थांबली. "सर, तेव्हा विचारलं असतंत तर मला हे दोन मिनिटांत कळलं असतं. मी ढ नव्हते."

"नव्हतात," मास्तर म्हणाले. "मला ठाऊक होतं."

तिने मान हलवली. माफ केलं म्हणून की निघते म्हणून, मला अजून कळलेलं नाही. तळमजल्यावरच्या त्या वॉर्डाचं दार आतून कुणीतरी ढकललं, एक बाई कडेवरचं पोर घेऊन घाईघाईने बाहेर आली आणि औषधाची चिठ्ठी वाचत निघून गेली. सिस्टर तिच्याकडे बघत उभी राहिली, मग वळून जिना चढून गेली.

मास्तर भिंतीलगतच्या बाकावर बसले. दमले होते. मलाही पाय दुखत होते, मी शेजारी टेकले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला, "रजिस्टर."

मी उघडून दिलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझ्या त्या जुन्या टीकच्या खुणेवर आडवी रेघ मारली, आणि रजिस्टर पेनासकट माझ्याकडे सरकवलं.

"आज विचारलं," ते म्हणाले. "आता करा टीक. तारीख आजची घाला."